डाव्या टाकीचा कोपरा

नावेचे सांधे भरणे हे बायकांचे काम नव्हे, असे पवनीच्या घाटावरची म्हातारी माणसे आजही म्हणतात. चंद्रकला दिघोरे ते काम गेली तीस वर्षे करते आहे. तिचे वडील कवडू यांना मुलगा नव्हता, आणि हातातली विद्या आपल्याबरोबर मातीत जाऊ द्यायची नाही असा त्यांचा हट्ट होता. त्यांनी ती थोरल्या मुलीला दिली. जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या वळायच्या, बोथट छिन्नीने फळ्यांच्या फटीत ठोकायच्या, वरून कढत डांबर सोडायचे आणि ते निवायच्या आत तेलात बुडवलेल्या अंगठ्याने दाबत न्यायचे. चंद्रकलाच्या उजव्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. रेशनच्या दुकानातले यंत्र तिला ओळखत नाही, दर महिन्याला डावा अंगठा लावावा लागतो.

२०२३ सालच्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन आठवडा झाला होता, जागेश्वर रामटेके घाटावर आले आणि तासभर नुसते तिच्या हाताकडे बघत बसले. चंद्रकला त्यांना ओळखत होती. सगळी पवनीच ओळखत होती. वायुदलात बावीस वर्षे विमानांचे पत्रे सांधणारा हा माणूस आता सहासष्ट वर्षांचा होता, आणि घरामागच्या शेडमध्ये सहा वर्षांपासून स्वतःचे विमान बांधत होता. दोन माणसांचे, खरेखुरे. चहाच्या टपरीवर लोक म्हणत, "रामटेकेजी, आधी म्हैस उडवून पाहा. उडाली तं तुम्ही बसा."

"बाई, तुमचा हात थरथरत नाही," जागेश्वर म्हणाले.

"थरथरला तं नाव बुडते जी."

त्यांनी आपला उजवा हात पुढे धरला. बोटे पिंपळाच्या पानासारखी हलत होती. "दोन सालांपासून असं हाय. पत्रे कापले, टाके ठोकले, सगळं झालं. टाकी भरून बंद करायचं काम मात्र ह्या हातानं नाही होत."

"कायची टाकी?"

"पेट्रोलची."

विमानाचे पेट्रोल पंखांच्या पोटात असते हे चंद्रकलाला तोवर माहीत नव्हते. शेडमध्ये लाकडी घोड्यांवर दोन लांबट पेट्या ठेवलेल्या होत्या. पातळ ॲल्युमिनियमच्या, पुढून गोल, मागून उघड्या. एक डाव्या पंखाची, एक उजव्या. आत आडव्या पट्ट्या, पट्ट्यांना शेकडो रिव्हेटा. प्रत्येक सांधा, प्रत्येक रिव्हेटीचे डोके आतून लेपाने झाकायचे होते. शेवटी मागचा पत्रा बसवला की पेटी कायमची बंद. मग आत बोटही जाणार नाही आणि नजरही नाही.

तो लेप दोन डब्यांतून यायचा. पांढरा दाट, आणि दुसरा काळा. दहा भाग पांढऱ्यात एक भाग काळा, सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर तोलून. कालवला की तासाभरात संपवायचा. वास सडक्या अंड्यांचा, आणि एकदा लागला की कपड्यावरून, केसांवरून, दाराच्या कडीवरून जाता जात नसे. तिचा नवरा इतवारी एवढा गरीब माणूस, पण तिसऱ्या दिवशी त्यानेही अंथरूण ओट्यावर नेले. "मासोळीचा वास चालते," तो म्हणाला, "हा नाई चालत."

जागेश्वरांनी पहिल्याच दिवशी तिला एक गोष्ट बजावली होती. "बाहेरून लावलेला लेप म्हणजे थोबाडाले पावडर. पेट्रोल आतून ढकलते. आतून बंद पाहिजे." चंद्रकलाने मान डोलावली होती.

जागेश्वरांची मुलगी रश्मी गोंदियाकडे विमान चालवायला शिकवते. महिन्यातून दोनदा रविवारी घरी यायची. हे विमान तीच उडवणार होती. डिसेंबरातल्या एका रविवारी ती शेडमध्ये आली, पेटीत खांद्यापर्यंत हात घालून बसलेल्या चंद्रकलाकडे थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला बसायचंय का विमानात?"

लोक गमतीने विचारतात तसे तिने विचारले होते. चंद्रकलाने हात बाहेर काढला. "वरतून डोहटोली दिसल का, पोरी?"

डोहटोली चंद्रकलाचे माहेर. नदीच्या वळणावर चाळीस घरांची वस्ती होती. धरणाचे पाणी मागे सरकत आले तेव्हा सरकारी ट्रकमधून सगळी माणसे नव्या वसाहतीत नेली. ट्रकमध्ये चंद्रकला आईची पिठाची चक्की सांभाळत बसली होती, पाठ गावाकडे करून. वळून बघितले नाही. बघायचे राहून गेले, असेच ती म्हणते. त्याला आता सतरा वर्षे झाली. उन्हाळ्यात, मे संपता संपता, पाणी खूप उतरले की गावाचे काही काही वर येते. एखादा चौथरा, विहिरीचा काठ, आंब्याचे बुंधे. मासे धरायला गेलेली माणसे नावेतून बघतात. पण नावेतून तुकडे दिसतात. हा चौथरा त्या विहिरीच्या कोणत्या अंगाला, ते कळत नाही, कारण मध्ये चिखल आणि पाणी.

तिची आई चार वर्षांपूर्वी वसाहतीत वारली. शेवटच्या आजारात ती एकच विचारत राहायची, "आपल्या घराकून नदीले जातानी उजव्या हाताले काय होतं व?" चंद्रकलाला सांगता येत नसे. मारुतीचा ओटा होता की शेजारच्या मंगरूचे अंगण, हे तिच्या डोक्यात कधी इकडे असायचे, कधी तिकडे. एकदा मारुतीचा ओटा सांगितले, तर आई म्हणाली, "तू बी इसरली." आणि भिंतीकडे तोंड करून निजली. तेव्हापासून तिला गाव एकदा सबंध बघायचे होते. घर, गल्ली, नदी, सगळे एका नजरेत, जसे सूप समोर धरून तांदूळ बघतात तसे.

रश्मीने फोनवर नकाशा उघडून दाखवला. त्यात नुसते निळे पाणी होते. लग्नांचे फोटो काढणाऱ्या अनुपने एका मे महिन्यात आपला उडता कॅमेरा तिकडे सोडला होता, पण काठापासून अंतर जास्त, तो अर्ध्या वाटेतून परत आला.

"दिसेल," रश्मी म्हणाली. "पाणी उतरलं असेल तर चांगलं दिसेल. मी नेईन तुम्हाला."

मग तिने बोटांवर हिशेब मांडला. जानेवारीत टाक्या तपासून होतील. वीस फेब्रुवारीला तपासणी अधिकारी येणार. मार्चमध्ये पंख गोंदियाकडच्या धावपट्टीवर नेऊन जोडणी. पहिले चाळीस तास चालवणाऱ्याने एकट्यानेच उडायचे, असा नियम. ते मेच्या मध्यापर्यंत होतील. "मेचा शेवटचा आठवडा," रश्मी म्हणाली. चंद्रकलाने तो आठवडा मनात घट्ट धरला. पुढे तिला कोणीही कसलीही तारीख सांगितली, की ती त्या आठवड्याच्या अलीकडे किंवा पलीकडे पडायची.

सात जानेवारीला डाव्या टाकीचा मागचा पत्रा बसला. उजवीचा आधीच बसला होता. थंडी फार होती, लेप लवकर धरेना, म्हणून जागेश्वरांनी टाक्यांखाली दोन मोठे बल्ब लावून ठेवले. अकरा जानेवारीला, गुरुवारी, तपासणी सुरू झाली.

पद्धत साधी होती. टाकीची सगळी तोंडे बंद करायची, फक्त हवा जायच्या नळीवर एक फुगा बांधायचा. सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरायची. जास्त भरली तर पातळ पत्रा फुगतो आणि सांधे उकलतात. फुगा उभा राहिला की सगळ्या शिवणींवर साबणाचे पाणी फिरवायचे. गळत असेल तिथे फेस बुडबुडतो. नसेल तर फुगा तसाच ठेवून दोन-तीन दिवस वाट बघायची.

साबण कुठेच बुडबुडला नाही. दोन टाक्यांवर दोन फुगे डुलत राहिले. एक लाल, एक पिवळा, वाढदिवसाच्या पाकिटातले.

शुक्रवारी सकाळी सहाला जागेश्वर तिच्या दारात उभे. अंगावर शाल, पायात चप्पल नाही. "बाई, दोन्ही फुगे बसले. सगळं गेलं."

चंद्रकला शेडमध्ये गेली. फुगे माना टाकून पडले होते. तिने टाकीला हात लावला. पत्रा बर्फासारखा होता.

"बल्ब कायले काढले?"

"लाईट गेली होती पहाटेपासून."

"मंग थंडीनं कुकडले ते. तुम्ही नाई कुकडले का? दोन्ही एका टायमाले कसे गळतीन?"

दहाला ऊन शेडच्या पत्र्यावर आले आणि फुगे हळूहळू उठून बसले. जागेश्वर खुर्चीत बसून ते बघत होते. त्यांनी डोळे पुसले ते कोणाला दिसू नये म्हणून चष्माही पुसला. रविवारी संध्याकाळपर्यंत फुगे तसेच होते. त्यांनी वहीत लिहिले, 'दोन्ही टाक्या पास', आणि खाली आपल्या सहीशेजारी चंद्रकलाची सही घेतली. ती सातवीपर्यंत शिकली आहे. सही सावकाश करते.

दोन फेब्रुवारीला केशरबाईची नाव दुरुस्तीला आली. केशरबाई तिची नात्यातली जाऊ, घाटावर मासे विकते, जिभेला हाड नाही. "विमानवाली बाई," ती म्हणाली, "आमच्या नावेले हात लावान का आता? का पंख लावून देता?"

"तुझ्या तोंडाले लावतो आधी. लय उडते."

चंद्रकलाने नाव उलटी केली. नावेच्या टोकाशी तीन फळ्या एकत्र येतात. तिथे ती नेहमीप्रमाणे चिंधी सैल ठेवत गेली आणि वरून डांबराचा जाड गोळा बसवला, अंगठा गोल फिरवून. नावेला पाणी बाहेरून दाबते. बाहेरचा गोळा जेवढा जाड तेवढा तो दाबून आणखी घट्ट बसतो. वडिलांनी तिला हेच शिकवले होते: कोपऱ्यात आत फार भरू नको, बाहेरून टोपी घाल.

तिचा अंगठा तिथेच थांबला.

डाव्या टाकीच्या खालच्या, आतल्या अंगाच्या कोपऱ्यात, जिथे आडवी पट्टी, तळाचा पत्रा आणि मागचा पत्रा एकत्र येतात, तिथे पत्रा बसवण्याआधी आत लेपाचा मोठा गोळा ठेवायचा होता. तिने थोडासाच ठेवला होता. मग पत्रा बसल्यावर बाहेरून टोपी घातली होती, अंगठा गोल फिरवून. तिला ते करताना कळलेही नव्हते. हाताने परस्पर केले होते. उजव्या टाकीला तिने असे केले नव्हते. त्या दिवशी जागेश्वर शेजारी उभे होते आणि ती एकेक गोष्ट विचारून करत होती. डाव्या टाकीच्या दिवशी हात सरावला होता.

"काय झालं व?" केशरबाईने विचारले.

"काई नाई."

दुसऱ्या दिवशी जागेश्वर बँकेत गेले असताना ती शेडमध्ये गेली. फुगा बांधला, पंप मारला, साबण लावला. कोपऱ्याकडे अर्धा तास डोळे लावून बसली. एकही बुडबुडा आला नाही. टोपी घट्ट होती. तिचेच काम होते, चांगलेच होते.

म्हणजे कोणाला कळणार नव्हते. वीस तारखेला येणारा अधिकारी हेच करणार होता, फुगा आणि साबण. कदाचित टोपी वर्षभर टिकेल. कदाचित आत ठेवलेला थोडा लेप पुरेसाही असेल. तिला ती फक्त मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकायला हवी होती. हा विचार मनात आला आणि तिने तो हाकलला नाही. नऊ दिवस तो तिच्याबरोबर जेवला. भाजी चिरताना, जाळे विणताना ती मनातल्या मनात वरून खाली बघायची. घर, गल्ली, नदी. उजव्या हाताला काय आहे ते दिसायच्या आत चित्र मोडायचे, कारण तेवढ्यात तिला पेट्रोलचा थेंब दिसायचा, टोपीच्या कडेने फुटून पंखाखाली लोंबणारा, आणि आत एकटी बसलेली रश्मी. पहिले चाळीस तास एकटी.

अकरा फेब्रुवारीला रविवार होता. रश्मी घरी आली होती. बापलेक अंगणात नाश्ता करत होते. चंद्रकला फाटकातूनच म्हणाली, "डावी टाकी खोला लागते जी."

जागेश्वरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "काहून?"

तिने सांगितले. कोपरा कोणता, आत किती, बाहेर किती. नावेचेही सांगितले.

"फुगा तीन दिवस उभा होता," जागेश्वर म्हणाले. "साबण लावला. तुम्ही सही केली."

"केली."

"मंग आता काय खुपून राहिलं तुमाले? पास झाली टाकी! खोलायची म्हणजे माहीत हाय का? सगळ्या रिव्हेटा ड्रिलनं काढा, पत्रा कापा, लेप खरवडा. नवा लेप मागवा. दीड महिना! अधिकाऱ्याची तारीख गेली, की मंग थेट बरसातीत. सहा सालांपासून हे करून राहिलो मी, आणि तुम्ही आज सांगता!"

"आज नाई जी. नऊ दिवस झाले मले माहीत होऊन. आज सांगून राहिलो."

जागेश्वर उठून शेडमध्ये गेले आणि दार आपटले. रश्मी तशीच बसून होती. ती म्हणाली, "काकू, मे गेला मग."

"हो ना, पोरी."

"तुम्हाला माहीत होतं, सांगितलं तर मे जाणार."

"त्याच्यानंच तं नऊ दिवस लागले."

दोन दिवसांनी ड्रिलचा आवाज सुरू झाला. पत्रा निघाला तेव्हा जागेश्वरांनी टॉर्च आत धरला आणि चंद्रकलाला बोलावले. कोपऱ्यात लेप होता, पण तो पट्टीला धरून राहिला होता, तळाला टेकलाच नव्हता. मधून नख जाईल एवढी फट, आणि फटीपलीकडे बाहेरच्या टोपीची करडी पाठ. त्यांनी थरथरते बोट त्या फटीवर ठेवले. मग म्हणाले, "बाई, चहा घ्या." त्या दिवसापासून ते तिच्या मागे उभे राहून बघत नसत.

मार्चअखेर टाकी पुन्हा बंद झाली, पुन्हा फुगा, पुन्हा साबण. अधिकाऱ्याची नवी तारीख ऑगस्टची मिळाली.

मेचा शेवटचा आठवडा आला. त्या वर्षी पाणी पुष्कळ उतरले. सव्वीस तारखेला चंद्रकला केशरबाईबरोबर नाव घेऊन गेली. विहिरीचा काठ वर आला होता, त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर एक चौथरा, आणखी पलीकडे बगळे बसलेले काही दगड. ती नावेत उभी राहिली. टाचा उचलून बघितले. नाव डुलली.

"बस खाली, बुडवशील," केशरबाई म्हणाली. मग वल्हे आवरून, "काय पाहून राहिली?"

"तो चौथरा मारुतीचा का मंगरूचा?"

केशरबाई डोहटोलीची नव्हती. तिने हात डोळ्यांवर धरून बघितले. "चौथऱ्यासारखा चौथरा हाय बापा," ती म्हणाली. त्या दिवशी तिने टोमणा मारला नाही.

पंधरा जूननंतर पाणी वाढू लागले आणि बगळे दुसरीकडे गेले.

विमान सप्टेंबरात उडाले. पवनीहून कोणी बघायला गेले नाही, पण रश्मीने व्हिडिओ पाठवला आणि तो चहाच्या टपरीवर सगळ्यांनी चार-चारदा बघितला. म्हशीचे नाव कोणी काढले नाही. दिवाळी झाली आणि रश्मीचे चाळीस तास पुरे झाले. नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी ती गाडी घेऊन थेट चंद्रकलाच्या दारात आली.

"काकू, चला. दुपारपर्यंत धावपट्टीवर पोचू. आभाळ स्वच्छ आहे. डोहटोलीवरून दोन चकरा मारते."

चंद्रकला जाळे घेऊन ओट्यावर बसली होती. इतवारीने आतून लुगड्याची घडी आणून दिली, नवे होते ते. तिने घडी मांडीवर ठेवली.

"धरण भरलं असन ना?"

"भरलंय. पण वरून फार सुंदर दिसतं. सगळं निळं."

"पाणी तं मी रोजच पायतो, पोरी. त्याच्यासाठी वर कायले जाऊ?"

रश्मी तिच्याशेजारी ओट्यावर बसली. तिने आग्रह केला नाही. "माझी बदली झाली तर? बाबांची तब्येत... मेपर्यंत काय होईल, सांगता येत नाही, काकू."

"माहीत हाय."

"तरी?"

"एकदाच जायचं हाय मले. भरलं पाणी पाहून आलो, तं मंग डोळे मिटले का तेच दिसन. आता तुकडे तरी दिसते."

जाता जाता रश्मीने विचारले, टाकीबद्दल काही सांगायचे आहे का. चंद्रकलाने विचारले, कोपऱ्याखालून पंख कोरडा असतो ना, बोट फिरवून बघते का ती. रोज बघते, रश्मी म्हणाली, उडायच्या आधी, आणि बोटाचा वास घेते.

"कायचा वास येते?"

"कसलाच नाही."

गाडी वळून गेली. चंद्रकलाने लुगडे इतवारीला परत दिले आणि जाळे पुढे ओढले. संध्याकाळी मच्छीमार सोसायटीचा माणूस घाटावर आला, तेव्हा तिने त्याला विचारले, पुढच्या उन्हाळ्यात पाणी कितपत उतरेल. तो हसला. पाऊस किती, कालव्यात किती सोडतील, कोणाला ठाऊक, तो म्हणाला. मागल्या उन्हाळ्यात उतरले तेवढे काही दरवर्षी उतरत नाही.

"तरी अंदाज?" तिने विचारले.